कोकणात परत येऊन वृद्धाश्रमातल्या स्टाफला ट्रेनिंग द्यायचं असेल तर

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, मुंबईत बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डला काढली, आता सासरी राजापूरला कायमचं यायचंय आणि इथल्या वृद्धाश्रमांतल्या स्टाफला ट्रेनिंग द्यायचं काम करावं असा विचार आहे. तर हे काम नेमकं असतं कसं, काय शिकवावं लागतं, नोकरी मिळते का, आणि आत्तापासून कुठल्या विषयांच्या पीपीटी बनवून ठेवू. मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात हेच काम करते, आधी सिस्टर होते नंतर ट्रेनर झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीपीटीचं आधी सांगते. बनवू नका. बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टर नसतो आणि असला तरी ज्या हॉलमध्ये तो लावायचा तिथे एका कोपऱ्यात मावश्या तांदूळ निवडत असतात, दुसऱ्या कोपऱ्यात आजोबा टीव्ही बघत असतात, आणि समोर बसलेल्यांपैकी अर्ध्या नाईट करून आलेल्या, त्यांचं सगळं लक्ष साडेनऊच्या एसटीकडे. यातल्या बऱ्याच जणी आठवी-दहावी झालेल्या, वही-पेन काढा म्हटलं की चेहरा पडतो. पण यांनीच घरी सासूचं अंथरुणातलं सगळं काढलेलं असतं, त्यामुळे आपण कोऱ्या पाटीला शिकवतोय अशा थाटात गेलात तर पहिल्याच दिवशी हो मॅडम हो मॅडम करून वाटेला लावतील. शिकवायचं ते बेडजवळ, ड्युटी चालू असताना, पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. सकाळचा हँडओव्हर आणि दुपारी जेवणं झाल्यानंतरचा वेळ, हे दोनच टाइम खरे उपयोगाचे.

आणि क्लास घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. शिकवलेलं पुढच्या महिन्यात नाईटला होतंय का, ते टिकवणं म्हणजे खरं काम.

इथला स्टाफ कोण असतो ते आधी समजून घ्या, मुंबईच्या एजन्सीवाल्या केअरटेकरपेक्षा फार वेगळा. आजूबाजूच्या वाडीतल्या बायका, कुणाचा नवरा मुंबईला, कुणाचा बोटीवर, स्वतःची थोडी शेती. जून-जुलैत लावणी लागली की निम्म्या गायब, एप्रिल-मेत आंब्याच्या बागेत नाहीतर काजूच्या फॅक्टरीत रोजावर जातात कारण तिथे हातात रोख मिळते, गणपतीत आणि शिमग्याला तर रजा मागत नाहीत, सांगून जातात. यावर चिडून उपयोग नाही, मॅनेजरसुद्धा चिडून चिडून थकलेले असतात. ट्रेनिंगचं कॅलेंडर त्याप्रमाणे लावा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस नवीन काही सुरू करू नका, भातकापणी उरकली की जो नवा स्टाफ येतो त्याचं बेसिक दिवाळीनंतर घ्या. एक गोष्ट मात्र चांगली, या बायका गाव सोडून जात नाहीत, त्यामुळे सीझनला गेलेली बाई परत येते आणि शिकलेलं विसरत नाही.

म्हाताऱ्यांचं चित्र तुम्हाला माहीतच असेल. २००१ ते २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, चक्क कमी झाली, आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. म्हणजे पोरं मुंबई-पुण्याला आणि घरात म्हातारी एकटी, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललंय. त्यामुळे आश्रमात येणारी माणसं सगळी मुलांनी टाकलेली असतात असं अजिबात नाही, बरीचशी आता एकटीला चुलीजवळ जमत नाही म्हणून आलेली असतात. नव्या स्टाफच्या डोक्यातून 'बिचारी' हा शब्द काढणं हे माझं पहिल्या आठवड्यातलं काम असतं. बिचारी म्हटलं की तिला विचारायचं राहून जातं, आपणच ठरवून टाकतो आंघोळ किती वाजता आणि केस कापायचे का. कुणाला काय हाक मारायची तेसुद्धा त्यांनाच विचारा, रिटायर्ड मास्तरांना कुणी 'ओ आजोबा, चला शी करायला' म्हणून सगळ्यांदेखत ओरडलं की ते दोन दिवस जेवत नाहीत आणि मग चार्टवर लिहिलं जातं 'पेशंट नॉट कोऑपरेटिव्ह'.

आता काय शिकवायचं. यादी देत नाही, कुठल्याही कोर्सच्या पुस्तकात आहे. कुठे वेळ घालवायचा ते सांगते.

पहिलं बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने अंगाला होणाऱ्या जखमा. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना पाठ असतं आणि चार्टवर टिकमार्कपण असतात, सकाळी सातला बसून एकदम मारलेले, ते शाईवरूनच कळतं. मी काय करते, एका मावशीलाच बेडवर झोपवते, खाली मुद्दाम चुरगळलेली ड्रॉशीट (कमरेखाली घालायची आडवी चादर) ठेवते आणि सांगते की आता हलायचं नाही. मग बाकीच्यांशी बोलत बसते. पाच-सात मिनिटांत ती चुळबुळ करायला लागते, मॅडम माकडहाडाला टोचतंय, आणि तिला हलता येतंय तरी तिची ही गत. त्यानंतर टाचा, कुल्ल्याची हाडं, खुबा, खांदे, डोक्याची मागची बाजू, सगळ्या जागा तिच्याच अंगावर दाखवायच्या. पिंढरीखाली उशी अशी द्यायची की टाच गादीला टेकताच कामा नये, टाचेखालून हात आरपार गेला पाहिजे. कुशीवर पूर्ण नव्वद अंशात उभं करून ठेवायचं नाही, पाठीमागे उशी देऊन थोडंसंच कलतं, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. लाल झालेल्या जागी बोट दाबून बघायचं, पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, लालच राहिलं तर त्या बाजूवर आता झोपवायचं नाही आणि सिस्टरला सांगायचं. पण आपल्याकडे सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, तिथे हाताच्या पाठीने गरम लागतंय का, कडक लागतंय का ते बघायला शिकवा, आणि हे ट्यूबलाइटच्या उजेडात नाही, खिडकीजवळ.

जुन्या सिस्टरांशी एक भांडण होणारच आहे तुमचं, ते म्हणजे स्पिरिट-पावडर लावून पाठ रगडणं. आपण सगळ्याच ते करत मोठ्या झालोय. लाल झालेल्या हाडावर चोळायचं नाही, आतलं मांस आणखी दुखावतं, आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. नातेवाईक प्रेमाने हवेची रिंग आणून देतात बसायला, तीही नको, मधल्या भागाला रक्तच पोचत नाही. एअरबेड असला तरी कूस बदलायची सुट्टी नाही. एअरबेड आला की स्टाफ निर्धास्त होतो आणि मोटर बंद पडलेली तीन दिवस कुणाला कळत नाही, लाइट जाऊन आली की मोटर चालू आहे ना हे बघायचं काम एका माणसाच्या नावावर टाका.

दुसरं भरवणं. हे मुंबईत तुम्ही आरटीवाले (नाकातून नळीने भरवायचे) पेशंट खूप बघितले असतील पण इथे प्रश्न येतो पेजेचा. सकाळी नऊ-दहाला पेज हा इथल्या म्हाताऱ्यांचा जीव, आणि आजारी माणसाला सगळ्यात हलकं म्हणून पहिली पेजच दिली जाते. पण अर्धांग झालेल्या माणसाला ती अवघड आहे. वर पातळ पाणी आणि खाली शितं, तोंडात दोन्ही एकदम जातं, शितं चावायला जीभ गुंतली की पाणी तोवर घशातून खाली पळालेलं असतं, चुकीच्या नळीत. ठसका लागतो, कधी लागतही नाही, नुसता गिळल्यावर आवाज ओला घरघरीत होतो, आणि चार दिवसांनी ताप आणि छातीत कफ, मग म्हणायचं 'हवा बदलली'. पेज बंद करायला सांगू नका, कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. उकड्या तांदळाची पेज रवीने घोटून एकजीव करायची, चमचा वाकडा केला तर सावकाश घसरली पाहिजे इतपत दाट, वर मीठ आणि लोणच्याचा नुसता खार. किती दाट हे डॉक्टरांनी नाहीतर स्पीच थेरपिस्टने ठरवायचं असतं, पण थेरपिस्ट तालुक्याला सहजी मिळत नाही, तेव्हा डॉक्टरांकडून प्रत्येकाचं लिहून घ्या आणि किचनमध्ये भिंतीवर लावा, ऑफिसात फाइलला नाही.

भरवताना माणूस ताठ बसलेला, हनुवटी थोडी खाली, भरवणारी समोर बसलेली, उभी नाही. उभं राहून भरवलं की तो वर बघतो, मान मागे जाते आणि तिथेच घोटाळा होतो. छोटा चमचा, गिळलेलं गळ्यावर दिसेपर्यंत दुसरा घास नाही, शेवटी लुळ्या बाजूच्या गालात काही साठलंय का बघायचं, आणि निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. हा अर्धा तास कुणी पाळत नाही कारण साडेबाराला जेवणं, एकला मावशींची जेवणाची सुट्टी आणि त्याआधी सगळ्यांना झोपवून टाकायचं असतं. इथे तुम्ही कितीही छान शिकवा, काही होणार नाही. जेवण बाराला करा नाहीतर सुट्टी दीडला करा हे मॅनेजरकडून करून घेतलंत तर न शिकवता होतं. मला तर वाटतं निम्मे प्रश्न असेच असतात, ट्रेनिंगचे म्हणून आपल्याकडे येतात आणि असतात रोस्टरचे, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाचे.

माशांवरून एक वाद कायम असतो, भरवायच्या पेशंटला मासे द्यायचे की नाही. बांगडा, पेडवे काट्यांमुळे नाहीच. पण मोरी माशाला बारीक काटे नसतात, सुरमईच्या तुकडीचा मधला काटा अख्खा निघतो, बोटांनी कुस्करून भातात कालवून देता येतं ज्याला गिळता येतंय त्याला. मालवणी माणसाचं जेवण वाढवायचं असेल तर प्रोटीन पावडरच्या डब्यापेक्षा हे लवकर लागू पडतं. ट्रस्टने शाकाहारीच ठेवलेले आश्रम आहेत, तिथे या वादात पडू नका.

तिसरं डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मरण आणि समज कमी होत जाणारा आजार. तिन्हीसांजेला, साडेपाच-सहाच्या सुमारास, एक आजी पिशवी भरून दारात उभी राहते, माका घराक जावचा आसा (मला घरी जायचंय). आणि दमलेली मावशी म्हणते, खंयचा घर? विकला तुझ्या झिलान (मुलाने). खरं असतं ते, पण त्या आजीला ही बातमी रोज संध्याकाळी नव्याने कळते. स्टाफला सांगते की घर आहे का नाही यावर बोलायचंच नाही. घराला पडवी केवढी, परसात काय काय होतं, फणस कापा की बरका, असं विचारत तिच्याबरोबर अंगणात एक फेरी मारायची, मग चहा. आधी बघायचं की लघवी लागलीय का, भूक, कुठे दुखतंय का, कारण जे सांगता येत नाही ते माणूस घराक जातंय म्हणून सांगतं. दिवे काळोख पडायच्या आधी लावा, सावल्या वाढल्या की घाबरणं वाढतं. हे सगळं करून दाखवायला तुम्हाला संध्याकाळी तिथे असावं लागतं, सकाळी अकराला येऊन डिमेन्शियावर भाषण करणाऱ्यांचं स्टाफ नंतर काय बोलतो ते मी ऐकलंय.

मात्र एक फरक घोटून घ्या. कालपर्यंत बरी बोलणारी बाई दोन दिवसांत एकदम बरळायला लागली, नाहीतर गपगार झोपून राहिली, तर ते 'वय झालं' नाही. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी, सोडियम कमी, संडास तुंबलेली, नवीन सुरू झालेली गोळी, यातलं काहीतरी असतं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. म्हाताऱ्यांना इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही, हे मावशींना पटायला वेळ लागतो.

पाण्याचं आलंच आहे तर सांगते. संध्याकाळनंतर पाणी द्यायचं नाही ही अलिखित प्रथा बऱ्याच ठिकाणी असते, कारण नाईटला एकच मावशी आणि डायपर मोजून दिलेले. तिला क्रूर ठरवू नका. दिवसभरात, संध्याकाळी सहापर्यंत भरपूर पाणी, कोकम सरबत, ताक, जे आवडेल ते जाईल असं बघा (किडनी आणि हार्टवाल्यांना पाण्याचं लिमिट असतं ते डॉक्टरांना विचारून), आणि डायपरचा हिशोब तुम्ही मॅनेजरकडे मांडा.

शुगरवाल्यांचं नाईट स्टाफला नीट शिकवा. रात्री गोळी घेतली आणि जेवले दोनच घास, की पहाटे घाम, थरथर, विचित्र बोलणं. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आलं की शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत चेक, आणि मग काहीतरी खायला. शुद्ध नसेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करून अँब्युलन्स बोलवायची. घाबरून साखर तोंडात कोंबणं हे घरोघरी बघितलेलं असतं त्यामुळे हा भाग प्रत्येक बॅचला परत परत घ्यावा लागतो.

पावसाळ्याचा वेगळा अभ्यास करा. चार महिने कपडे वाळत नाहीत, दमट डायपर, दमट साड्या, मग छातीखाली आणि जांघेत नायटा. त्यात एकाला खरूज झाली की सगळ्यांना. खरजेला एकाच्या अंगाला मलम लावून भागत नाही, डॉक्टरांना दाखवून सगळ्या रहिवाशांना आणि स्टाफलासुद्धा एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, खाज असो नसो. पुस्तकात लिहितात कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, जुलैत कुठून आणणार ऊन? जे धुता-वाळवता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं, माणसाच्या अंगाशिवाय तो किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ हा पडण्यातला मोठा आरोपी, दर आठवड्याला ब्लीचिंग टाकून खराट्याने घासणं हे ट्रेनिंगमध्ये येत नाही असं वाटेल, येतं.

आणि वादळ. ३ जून २०२० चं निसर्ग, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणचा पूर, इतकं बघून झाल्यावरही लाइट गेली तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवाल्याचं (विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या माणसाचं) काय हे न ठरवलेले आश्रम आहेत. निसर्गनंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. सिलिंडर कुठे आहे, तो उघडायची चावी कुठे आहे, अंथरुणातल्या माणसाला चादरीत घालून चौघांनी खाली कसं आणायचं, गोळ्या आणि फाइल प्लास्टिकच्या पिशवीत कुणी घ्यायच्या, हे मे महिन्यात एकदा प्रत्यक्ष करून घ्या. तोंडी नको.

एक अवघड विषय. कधीतरी दंडावर बोटांचे वळ दिसतील, नाहीतर खुर्चीला ओढणीने बांधलेले आजोबा. बांधणं हे बहुतेक वेळा 'पडू नये म्हणून' केलेलं असतं आणि बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो. मी काम घेतानाच मॅनेजरला सांगून ठेवते की असं दिसलं तर तुम्हाला लेखी देणार आणि काही हललं नाही तर पुढे जाणार. ज्यांना हे चालत नाही ते तिथेच नाही म्हणतात, बरं होतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, तो नंबर रहिवाशांना दिसेल असा लावायचा आग्रह धरा. स्टाफला आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पोटगीच्या २००७ च्या कायद्याची तोंडओळख पण द्या, कारण मुलगा पैसे पाठवत नाही हे आजी सिस्टरला नाही, केस विंचरणाऱ्या मावशीला सांगते. त्या मावशीला एवढं माहीत हवं की पोटगीसाठी प्रांत ऑफिसात अर्ज करता येतो, कायद्याने महिना १०,००० पर्यंत मिळू शकते.

आता नोकरीचं. फक्त ट्रेनर म्हणून पगारी जागा आपल्या पट्ट्यात जवळजवळ नाही. छोटे ट्रस्ट, देणग्यांवर चालणारे, त्यांना पूर्णवेळ सिस्टरच परवडत नाही. दोन मार्ग आहेत, एक म्हणजे एका ठिकाणी नर्सिंग इन्चार्ज म्हणून लागायचं आणि ट्रेनिंग त्यातच, नाहीतर तीन-चार आश्रम धरून महिन्याचं ठरावीक मानधन घ्यायचं. व्हिजिटवर पैसे घेऊ नका, पावसात रस्ता बंद झाला की तुमची व्हिजिट आणि पैसे दोन्ही बुडतात. प्रवासखर्च वेगळा मागा, नकाशावर जवळ दिसणारं गाव खाडी वळून जाताना अर्धा दिवस खातं हे तुम्हाला सांगायला नको. आणि 'मॅडम एक दिवसाचं शिबिर घ्या, सर्टिफिकेटं वाटू, पेपरला फोटो देऊ' असं ट्रस्टी म्हणतील. एखादं घ्या ओळखीसाठी, त्याला ट्रेनिंग समजू नका.

जीएनएम पुरेसं आहे. जमलं तर हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा ट्रेनरसाठीचा कोर्स करा, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटच्या (पेशंटची देखभाल करणाऱ्या मदतनिसांच्या) सरकारी बॅचेस मिळू शकतात आणि तुमच्या मावशींनाही पुढे कागद मिळवून देता येतो, त्या कागदामुळे पगार थोडा वाढवून मागता येतो त्यांना. पण त्याआधी महिनाभर कुठल्यातरी आश्रमात सिस्टर म्हणून काम करा, नाईटसकट. वॉर्डातली सवय वेगळी असते, तिथे पेशंट बरा होऊन घरी जातो, इथे बेड म्हणजेच घर असतं.

नवीन ठिकाणी गेल्यावर मी मॅनेजरकडे तीन गोष्टी मागते, पडल्याचं रजिस्टर, नाईटचा रोस्टर, आणि किचनमध्ये कोणाला काय द्यायचं याचा बोर्ड. रजिस्टरच नसेल, बऱ्याचदा नसतंच, तर पहिला महिना दुसरं काही शिकवू नका, फक्त ते सुरू करा. कोण पडलं, कुठे, किती वाजता, पायात काय होतं, कशासाठी उठलं होतं, एवढे पाच रकाने. लिहिणारीला ओरडा बसणार नाही असं मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगायला हवं, नाहीतर रजिस्टर कोरंच राहतं. महिनाअखेरीस ते उघडून मावशींबरोबर बसलात की पुढे काय शिकवायचं ते त्याच सांगतील, बहुतेक वेळा पहाटे चार ते सहा आणि संडासची वाट एवढंच दिसतं त्यात. मग त्या वाटेवर एक रात्रीचा दिवा आणि पहाटे साडेतीनला एक फेरी, तिथून सुरुवात करा.